'प्राण्यांवर चाचणी केलेली नाही' असं छापलेला खाण्याचा रंग : घ्यावा का?

ओला_नारळ (सोमवार, रात्री ११.२०)

मंडळी, कढईत खवा आहे, तरी मध्येच टंकतेय. सांभाळून घ्या.

मी दादरहून घरगुती ऑर्डरी घेते. उकडीच्या मोदकांना रंगाचा प्रश्न नसतो, पण खव्याच्या साच्यातल्या मोदकांना लोकांना केशरी, गुलाबी, पिस्ता असं सगळं हवं असतं. माझ्या एक जुन्या गिऱ्हाईक आहेत, हिंदू कॉलनीतल्या बेन. पर्युषण संपलं की त्यांची गुलाबाच्या बर्फीची मोठी ऑर्डर असते. यंदा फोनवर म्हणाल्या, "रंग नॅचरलच घाल, आणि प्राण्यांवर टेस्ट केलेला नको." त्यांच्या मुलीने कुठलासा व्हिडिओ पाहिलाय.

म्हणून आज क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला जाऊन तीन बाटल्या आणल्या. पिवळीवर 'कर्क्युमिन १००', केशरीवर 'अनाटो १६०बी', आणि गुलाबी बाहेरून आलेली आहे, तिच्यावर 'नॅचरल रेड १२०'. तिन्हींवर उडी मारणारा ससा आणि 'प्राण्यांवर चाचणी केलेली नाही'. दुकानदार म्हणाला, "मॅडम, नॅचरल आहे, डोळे मिटून वापरा." डोळे मिटून वापरा म्हटलं की माझे डोळे जास्तच उघडतात.

प्रश्न असा, की चाचणीच केलेली नसेल तर हे सुरक्षित आहे हे यांना कळलं कसं?

चहाबिस्किट (११.३१)

बाप्पाच्या मोदकाचा रंग बाप्पाच्या वाहनावर तपासायचा की नाही, असा हा पेच आहे तर. बसलोय मी इथेच.

निळी_गोकर्ण (११.४४)

ताई, इतका विचार कशाला? हळद आपण हजारो वर्षं खातोय. आजीने उंदरावर ट्रायल घेतली होती का? जे निसर्गातून आलंय त्याला लॅबच्या सर्टिफिकेटची गरज नाही. मुक्या जिवांना पिंजऱ्यात कोंडून रंग पाजायचे हा शुद्ध क्रूरपणा आहे. ससा छापलाय ना, मग बिनधास्त घ्या.

कडीपत्ता (मंगळवार, सकाळी ७.०५)

निळी_गोकर्ण, धोतराही निसर्गातूनच येतो. एवढंच बोलून ऑफिसला पळते.

परळकर_काका (सकाळी ९.५०)

मी परळच्या एका प्रयोगशाळेत २६ वर्षं प्राणिगृहात तंत्रज्ञ होतो. निवृत्त झालो, त्यामुळे आता सविस्तर लिहायला वेळ आहे. लांबण लागणार, आधीच सांगतो.

ओला_नारळ ताई, आधी सर्वात निकडीचं. ती गुलाबी बाटली बेनना वापरू नका. १२० म्हणजे कोचिनील, कार्माइन. मेक्सिको-पेरूकडच्या निवडुंगावर एक किडा असतो, त्याच्या माद्या वाळवून हा रंग काढतात. किलोभर वाळलेल्या किड्यांत लाखाच्या वर जीव जातात. 'नॅचरल' आहे, यात खोटं काही नाही. 'शाकाहारी' मात्र नाही. वर ससा छापून किड्यांची बाटली विकायची, ही कमाल आहे.

आता सशाबद्दल. सौंदर्यप्रसाधनं प्राण्यांवर तपासायला आपल्याकडे २०१४ पासून बंदी आहे. क्रीम-लिपस्टिकवर तो ससा त्यामुळे शोभतो. खाण्याच्या रंगाची गोष्ट वेगळी. कर्क्युमिन, अनाटो, कार्माइन हे तिन्ही रंग उंदरांवर तपासले गेलेत. तुमच्या बाटलीवाल्याने नाही तपासले, दुसऱ्यांनी पूर्वी तपासले, आणि त्याच कागदांच्या जोरावर त्यांना देशोदेशी परवानग्या मिळाल्या. म्हणजे 'आम्ही चाचणी केली नाही' हे त्याच्यापुरतं खरं आहे. बाटली भरणारा कशाला चाचणी करेल? भाजीवाल्याने 'मी शेत नांगरलं नाही' म्हणण्यासारखं आहे ते.

ओला_नारळ (सकाळी १०.०२)

काका!! गुलाबी बाटलीचं बूच मी काल रात्रीच उघडलं होतं. घातला नव्हता, नशीब. हात थरथरतायत. दुपारी सगळं वाचते.

माटुंग्याची_मुलगी (सकाळी १०.४०)

मी फूड टेक्नॉलॉजी शिकतेय. काकांच्या म्हणण्यात आकड्यांची भर घालते, कर्क्युमिनचंच उदाहरण घेऊन.

एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना) आणि डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) यांची मिळून एक तज्ज्ञ समिती आहे, जेक्फा. १९५६ पासून ती अन्नातल्या अशा घटकांचा निवाडा करते. तिने कर्क्युमिनला रोजची मर्यादा दिलीय, वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत. हा आकडा आला कुठून? उंदरांना पिढ्यान् पिढ्या कर्क्युमिन घातलेलं खाद्य दिलं. सर्वात जास्त डोसच्या गटात नातवंडांच्या पिढीचं वजन कमी वाढलं. त्याच्या खालच्या डोसला, म्हणजे किलोमागे २५० ते ३२० मिलिग्रॅमला, काही झालं नाही. त्याला १०० ने भागलं. दहा पट फरक उंदीर आणि माणसात धरायचा, दहा पट माणसामाणसांत. आले ३.

आता २० किलोचं पोर धरा. ६० मिलिग्रॅम. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं, म्हणजे दोन ग्रॅम हळद झाली. वरणातली चिमूट त्यापुढे काहीच नाही. पण बाटलीतला अर्क म्हणजे हळद नव्हे, द्रावकात काढून घट्ट केलेला एकच घटक आहे तो. 'आजी हळद खायची' हा मुद्दा त्या अर्काला पुरत नाही.

निळी_गोकर्ण (११.१५)

आकडे पाठ आहेत, छान. पण उंदराच्या नातवंडांचं वजन कमी भरलं म्हणून दादरच्या पोराने किती मोदक खावेत हे ठरतं? हे विज्ञान आहे की पत्रिका?

माटुंग्याची_मुलगी (११.२२)

प्रश्न रास्त आहे, टोमणा सोडून. त्या १०० चा इतिहासही काही फार दैवी नाही. १९५४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएतल्या, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनातल्या, लेहमन आणि फिट्झह्यू या दोघांनी सुचवला. हाताशी असलेल्या माहितीवरून काढलेला तो सावध अंदाज होता. सत्तर वर्षं तो चालू आहे.

डॉ_गवती_चहा (दुपारी १.३०)

ओपीडी संपली, जेवताना लिहितोय.

निळी_गोकर्ण यांच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो, कारण त्या खऱ्या आहेत आणि त्यांच्या पक्षातलं कुणी त्या सांगत नाही.

पहिली बीटा-कॅरोटीनची. गाजरातलं ते, खाण्याचा नारिंगी रंग म्हणूनही वापरतात. उंदरांत एकदम सज्जन. मग फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर मोठा अभ्यास झाला. काहींना रोज २० मिलिग्रॅमची गोळी दिली, कॅन्सर टळेल म्हणून. १९९४ मध्ये निकाल आला तो उलटा : गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. उंदराने हे का सांगितलं नाही? कारण उंदराच्या आतड्यातच बीटा-कॅरोटीनचं जवळजवळ सगळं अ जीवनसत्त्व होऊन जातं. ते मूळ रूपात रक्तात पोचतच नाही, आपल्याकडे पोचतं. पुढे फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यावर अभ्यास झाले, तो या बाबतीत आपल्या जवळचा निघाला. जेक्फानेही नंतर उंदरावर बेतलेली मर्यादा मागे घेतली.

दुसरी कोचिनीलची. उंदीर आयुष्यभर तो खाऊन ठणठणीत. माणसांत मात्र काहींना त्याची जबर ॲलर्जी येते, श्वास कोंडण्यापर्यंत. हे माणसांच्या केसेसमधूनच कळलं. अमेरिकेत २०११ पासून लेबलवर त्याचं नाव स्पष्ट लिहावं लागतं ते त्यामुळे. ॲलर्जी ओळखायला नेहमीची उंदीर-चाचणी कुचकामीच आहे.

जाता जाता, दुधात हळदीबरोबर मिरपूड घालणाऱ्यांसाठी. १९९८ मध्ये बंगळूरच्या अभ्यासात मिऱ्यातल्या पायपरिनने रक्तातलं कर्क्युमिन उंदरांत १५४ टक्के वाढलं, माणसांत २००० टक्के. तोच पदार्थ, तीच जोडी. आता उंदराचा आकडा १०० ने भागा नाहीतर हजाराने. 'इम्युनिटी'साठी हळदीच्या गोळ्या घेऊन यकृत सुजवून आलेले पेशंट जगभर नोंदले गेलेत. जेवणातल्या हळदीबद्दल मी बोलत नाहीये, कृपया त्यावरून भांडू नका.

निळी_गोकर्ण (१.४१)

डॉक्टर, धन्यवाद. हेच म्हणत होते मी.

डॉ_गवती_चहा (१.५२)

नाही हो, तुम्ही चाचणीच नको म्हणत होता. मी म्हणतोय उंदीर अपुरा आहे.

परळकर_काका (दुपारी ४.१५)

डॉक्टरांचं सगळं मान्य. आता उंदराची बाजू उंदरावाल्याकडून ऐका.

निळी_गोकर्ण, मंजिष्ठा तुम्हाला ठाऊक असेल. तिची युरोपातली बहीण, मॅडर. हजारो वर्षांचा लाल रंग, मुळांपासून काढलेला, तुमच्या व्याख्येत शंभर टक्के बसणारा. जपानमध्ये तो अन्नात चालायचा. तिथे उंदरांवर दोन वर्षांचा अभ्यास झाला आणि मूत्रपिंडात, यकृतात गाठी निघाल्या. २००४ मध्ये जपानने तो यादीतून काढून टाकला. हे कुठल्या आजीला कसं कळणार होतं? मूत्रपिंडाची गाठ साठाव्या वर्षी आली तर चाळीस वर्षं खाल्लेल्या लाल मिठाईकडे बोट दाखवणारा एकही वैद्य सापडणार नाही. उंदराचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं, म्हणून ते दिसलं.

आणि प्रत्यक्षात होतं काय, तेही सांगतो. पोटात उंदीर आणि डोक्यात सिनेमा घेऊन लोक याबद्दल बोलतात.

नव्वद दिवसांची चाचणी धरा. चार गट : एक बिनरंगाचा, तीन चढत्या डोसचे. प्रत्येकात दहा नर, दहा माद्या. ऐंशी झाले. (कॅन्सरसाठीच्या दोन वर्षांच्या चाचणीत गटाला पन्नास-पन्नास, म्हणजे चारशे.) खोली २२ अंशांच्या आसपास, बारा तास दिवे, बारा तास अंधार. मुंबईच्या मे महिन्यात सगळ्या परळमध्ये आमच्या उंदरांएवढा गार कुणी झोपत नसेल. रंग त्यांना 'पाजत' नाहीत, बहुतेक वेळा भुकटी खाद्यात मिसळून देतात. दर आठवड्याला वजन, खाद्य किती संपलं त्याचं वजन. शेवटी रक्त घ्यायचं, मग उंदीर मारायचा, आणि यकृत, मूत्रपिंड, प्लीहा, मेंदू, सगळं काढून तोलायचं.

रंगाच्या चाचणीत एक गंमत असते, ती कागदावर येत नाही. कुठला पिंजरा कुठल्या डोसचा, हे आम्हाला गुपित ठेवताच यायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात पिंजऱ्याखालचा भुसा बघितला की कळायचं. वरच्या डोसचा भुसा नारिंगी, लेंड्या नारिंगी, पांढऱ्या उंदराच्या पोटाखालची लवसुद्धा पिवळट. सही करताना माझ्याच बोटांना रंग लागलेला. अवयवांच्या कापांच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली वाचणाऱ्याला मात्र नंबराशिवाय काही सांगत नसत.

आणि त्या काचपट्ट्या! यकृताचा काप पारदर्शक असतो, रंगवल्याशिवाय काही दिसत नाही. रंगवायला काय वापरतात? हिमॅटॉक्सिलिन. तो निघतो लॉगवूड नावाच्या झाडाच्या लाकडातून. नैसर्गिक रंगाने काय बिघडलं ते बघायला नैसर्गिक रंगच लागतो. २६ वर्षांत मला याचा कंटाळा आला नाही.

चहाबिस्किट (४.२०)

काका, तुम्ही वेगळा धागा काढा. पॉपकॉर्न परत घेतो.

कडीपत्ता (सायंकाळी ६.३०)

लोकलमधून. काका, एकच शंका. 'मग उंदीर मारायचा' हे वाक्य तुम्ही फार पटकन उरकलंत.

परळकर_काका (रात्री ९.१०)

उरकलं खरं.

मारतात. आजारी नसलेलेही, बिनरंगाच्या गटातलेही. निरोगी यकृत कसं दिसतं ते शेजारी ठेवल्याशिवाय बिघडलेलं ओळखता येत नाही. गुंगी चढवून किंवा वायूने, नियम ठरलेले आहेत. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली केंद्राची समिती आहे, प्रत्येक संस्थेत नैतिक समिती बसते, तिच्यात विज्ञानाबाहेरचाही एक माणूस असावा लागतो. आमच्याकडे असेच एक गृहस्थ यायचे. प्रत्येक प्रस्तावाला त्यांचा एकच प्रश्न : "ऐंशी कशाला? साठात भागत नाही का?" शास्त्रज्ञ वैतागायचे. दोनदा तरी खरंच साठात भागलं.

पहिल्या वेळी मला दुपारचा डबा गेला नव्हता. पुढे जायला लागला. हे मी अभिमानाने सांगत नाही.

गणपतीत आम्ही प्राणिगृहाच्या दाराबाहेर, चपला काढायच्या फळीवर, एक मोदक ठेवायचो. आत बाहेरचं खाणं न्यायला मनाई.

निळी_गोकर्ण (९.४०)

काका, माझा सूर जरा चढला होता. पण मग प्राण्यांशिवायच्या चाचण्या का वाढत नाहीत? पेशींवर, जिवाणूंवर करतात असं वाचलंय.

माटुंग्याची_मुलगी (रात्री १०.०५)

करतात, आणि आधी त्याच करतात. एम्स चाचणी म्हणून आहे. साल्मोनेलाच्या जिवाणूंत रंगामुळे जनुकीय बदल होतात का बघायचं. तिथे रंग सपशेल नापास झाला तर पुढे उंदरांपर्यंत न्यायची वेळच सहसा येत नाही. पण जिवाणूला यकृत नसतं, आणि कितीतरी रसायनं यकृतात गेल्यावरच विषारी होतात. म्हणून त्या तबकडीत यकृताचा अर्क घालतात. बहुधा उंदराच्याच यकृताचा. प्राण्यांशिवायच्या चाचणीतही उंदीर कुठून तरी डोकावतोच.

बाकी संगणकावरचे अंदाज, मानवी पेशींचे गोळे वगैरे झपाट्याने पुढे जातंय. औषधांसाठी आपल्याकडेही २०२३ मध्ये नियम बदलून अशा पद्धतींना वाट करून दिली. खाण्याच्या रंगात मात्र नव्वद दिवस खाऊन काय होतं, याला अजून पुरा पर्याय नाही. मला तरी दिसत नाही.

टिळकपूल (१०.३०)

या सगळ्यात 'नैसर्गिक चांगलं, कृत्रिम वाईट' हेच धरून बसू नका. कृत्रिमांतही दोन्ही तऱ्हा आहेत. लोण्याला रंग आणायला पूर्वी एक कृत्रिम पिवळा रंग होता, त्याचं नावच 'बटर यलो'. १९३०च्या दशकात जपानमध्ये उंदरांना तो दिला तर यकृताचा कॅन्सर झाला. उलट एरिथ्रोसिनवर, म्हणजे चेरीसारख्या लाल कृत्रिम रंगावर, अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये बंदी आणली तीही नर उंदरांच्या थायरॉइडमधल्या गाठींवरून. गाठी होण्याचा तो मार्ग माणसात तसा चालत नाही असं त्यांचीच एफडीए म्हणते. पण प्राण्यात कॅन्सर दिसला की रंग बाद, असा कायदा तिथे १९६० पासून आहे, त्यामुळे इलाज नव्हता. आपल्याकडे तो परवानगीच्या यादीत आहे.

निळी_गोकर्ण (१०.४५)

माझ्या आयडीचा विषय : गोकर्णाच्या फुलांचा निळा तरी चालेल ना? बाल्कनीत वेल आहे.

माटुंग्याची_मुलगी (१०.५८)

अमेरिकेने त्याच्या अर्काला २०२१ मध्ये रंग म्हणून परवानगी दिली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, एफ्साने, २०२२ मध्ये वाळलेल्या फुलांना 'परदेशातलं पारंपरिक अन्न' म्हणून घ्यायला आक्षेप घेतला, त्यातल्या सायक्लोटाइड नावाच्या प्रथिनांमुळे. एकच फूल, दोन निकाल. मी सणाला चार फुलं भातात घालते, त्याचा अर्क काढून विकणार नाही.

ओला_नारळ (बुधवार, सकाळी ६.१५)

सगळं दोनदा वाचलं. केशरी बाटलीचं, अनाटोचं, कुणीच बोललं नाही. माझा सर्वात जास्त खप त्याचाच आहे.

परळकर_काका (सकाळी ८.००)

अनाटो म्हणजे आपली शेंदरी. काटेरी बोंडं, आत लाल बिया. त्या बीतून दोन रंग निघतात. तेलात विरघळणारा बिक्सिन आणि त्यावर अल्कलीची प्रक्रिया करून केलेला, पाण्यात विरघळणारा नॉरबिक्सिन. जेक्फाची मर्यादा बिक्सिनला किलोमागे १२ मिलिग्रॅम, नॉरबिक्सिनला ०.६. वीस पट फरक, एकाच बीतून! युरोपने २०१६ मध्ये दोन्ही निम्म्यावर आणल्या, ६ आणि ०.३. बाटलीवर नुसतं '१६०बी' असतं. वाटीभर पाण्यात एक थेंब टाका. सरळ पसरला तर नॉरबिक्सिन समजा आणि हात आखडता ठेवा. तवंग धरून वर राहिला तर बिक्सिन.

माटुंग्याची_मुलगी (८.२०)

आणि ताई, 'चिमूटभर' मोजू नका. कृत्रिम रंगांना आपल्याकडे मिठाईत किलोमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. चिमूट सहज पाव ग्रॅमची भरते, आणि स्वयंपाकघरातला काटा तेवढं दाखवतही नाही. आधी मोजून पाण्यात विरघळवा, मग मापाच्या चमच्याने घाला.

ओला_नारळ (रात्री ११.५०)

थेंब टाकला. सरळ पसरला. :(

बेनना दुपारी फोन केला. १२० काय आहे ते सांगितलं, तर पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाल्या, मागच्या वर्षीची बर्फी? मागच्या वर्षी बिटाचा रस होता, पाणी आटवून घातलेला, थोडा मातकट आला होता, त्यांनीच तक्रार केली होती. तेव्हा म्हणाल्या, "मातकट चालेल."

प्राण्यांवरच्या चाचणीचंही खरं ते सांगितलं, की कुणीतरी कधीतरी केलेलीच आहे, माझ्या हातात फक्त ससा न छापणं आहे. मुलीशी बोलते म्हणाल्या.

यंदा पिवळे मोदक नुसत्या हळदीचे आणि केशर दुधात खलून. केशरी फिकट येणार. गुलाबी बाटली तशीच बूच लावून ठेवलीय, परत घेत नाही म्हणतो दुकानदार.

चहाबिस्किट (११.५८)

ताई, फिकट केशरी २१ मोदकांचं काय घेता? पार्ल्याला पोचवता का?

परळकर_काका (गुरुवार, सकाळी ७.४०)

मला अकरा. रंग अजिबात नको.

ओला_नारळ (७.५५)

दोघांनाही व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पार्ल्याला नाही, दादर स्टेशनवर घ्यायला यावं लागेल, तिकीटघराच्या बाजूला.